तंबाखूचा वास : यादी मोठी, उत्तर अपुरे

अॅलन रॉजमन व थॉमस परफेटी यांचा ‘द केमिकल कॉम्पोनंट्स ऑफ टोबॅको अँड टोबॅको स्मोक’ (दुसरी आवृत्ती, २०१३) हा ग्रंथ म्हणजे तंबाखू आणि तिचा धूर यांतील संयुगांची खानेसुमारी आहे. आठ हजारांहून अधिक संयुगे त्यात अल्कोहोले, कीटोने, आम्ले अशा रासायनिक गटांनुसार मांडली आहेत. संदर्भग्रंथ म्हणून त्याचे मोल निर्विवाद आहे. पण एवढ्या मोठ्या यादीतून तंबाखूचा वास उलगडतो का?

फारसा नाही. गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुन्यातील बाष्पनशील घटक वायूच्या प्रवाहाबरोबर एका लांब, बारीक नळीतून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात व आलेखावर प्रत्येकाचे शिखर उमटते. घटक जास्त, तर शिखर मोठे. नाकाचा हिशोब मात्र वेगळा असतो. कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांच्या विघटनातून बनणारे बीटा-डॅमासेनोन पाण्यात लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळते. गुलाबतेलाच्या सुगंधात मोठा वाटा असलेले हे संयुग बर्ली तंबाखूतही सापडल्याची नोंद झाली. म्हणूनच वासाच्या अभ्यासात नळीच्या टोकाशी माणूस बसवून प्रत्येक घटक हुंगवला जातो आणि त्याच्या प्रमाणाला वास जाणवण्याच्या किमान मर्यादेने भागले जाते. हा भागाकार यादीत दिसत नाही.

यादीत सारी नावे एका पंगतीला बसतात, आणि खरा धोका इथेच आहे. तंबाखूतील कर्ककारक नायट्रोसामिने अत्यल्प असतात, वासावरून ती कळत नाहीत. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. थोडक्यात, नाकाला जे आवडते त्यावरून फुप्फुसाचे काय होणार ते समजत नाही.

दोन्ही लेखक आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ. सिगारेटच्या धुराला घातक ठरवणारा पुरावा प्रचंड आहे आणि त्याविरुद्धचा तुटपुंजा, असे स्वतः रॉजमन यांनी १९६२ साली कंपनीच्या अंतर्गत अहवालात लिहिले होते. कंपनी मात्र पुढे अनेक वर्षे जाहीरपणे हे नाकारत राहिली. विश्लेषण अचूक होते, पण ते लोकांपर्यंत पोचले नाही.

शिक्षकांनी या ग्रंथातील दहाच नावे निवडावीत. विद्यार्थ्यांनी प्रत्येकापुढे तीन रकाने भरावेत : उगम, वासाची मर्यादा, शरीरावरील परिणाम. कोणता रकाना रिकामा राहतो, त्यावर वर्गात चर्चा व्हावी.