'लेट अस सी' आणि अर्थाची वगळलेली पायरी : संगणकभाषेच्या अध्यापनाची चिकित्सा

प्रस्तावना

संगणकभाषांविषयीचे संशोधन आणि पदवी स्तरावरील अध्यापन यांतील अंतर पाठ्यपुस्तकांत स्पष्ट दिसते. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. सोपी इंग्रजी, छोटी उदाहरणे व विपुल स्वाध्याय यांमुळे आष्टीसारख्या (जि. वर्धा) तालुक्याच्या गावातून आलेला, मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थीही ते स्वतः वाचू शकतो. हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे.

विवेचन

पुस्तकाच्या आरंभी इंग्रजी व 'सी' शिकण्याच्या पायऱ्यांची तुलना येते. अक्षरे, शब्द, वाक्ये, परिच्छेद या क्रमासमोर वर्णचिन्हे, चल व स्थिरांक, आज्ञा, आज्ञावली असा क्रम मांडला आहे. तुलना आकर्षक आहे. परंतु भाषा अशी आत्मसात होत नाही. आष्टीचे मूल आधी वऱ्हाडी ऐकते, अर्थासह बोलते आणि मुळाक्षरे नंतर गिरवते. या शिडीत अर्थाची पायरीच नाही.

संशोधनाने मात्र अर्थालाच मध्यवर्ती स्थान दिले. आज्ञावलीविषयी तर्काने सिद्धता देता येते, हे रॉबर्ट फ्लॉइड (१९६७) व टोनी होअर (१९६९) यांनी दाखविले. आज्ञावली न चालविता तिच्याविषयी काय जाणता येते, हाच उदय खेडकर, अमिताभ सान्याल व बागेश्री करकरे यांच्या डेटा फ्लो ॲनालिसिसवरील ग्रंथाचा (२००९) विषय आहे. त्यांतील पहिले दोघे ग्रंथ प्रकाशित झाला तेव्हा मुंबईच्या आयआयटीत अध्यापक होते. हे संशोधन महाराष्ट्रातच घडले, तरी पदवीच्या वर्गापर्यंत ते क्वचितच पोहोचते.

परिणाम प्रश्नपत्रिकेत दिसतो. एकाच पदावलीत एका चलाचे मूल्य दोनदा वाढवून 'उत्तर काय येईल?' असे विचारले जाते. १९८९ च्या प्रमाणकानुसार अशी पदावली अपरिभाषित आहे. म्हणजे भाषेच्या दृष्टीने तिला उत्तरच नाही. विद्यार्थी पाठ करतो ते टर्बो सी या एका कंपायलरचे वर्तन. पूर्णांकाची −३२,७६८ ते ३२,७६७ ही मर्यादाही अशीच. ती सोळा-बिट कंपायलरची आहे, हा पुस्तकातील खुलासा वर्गात गळून पडतो आणि आकडा तेवढा उरतो. पुढे दुसऱ्या यंत्रावर वेगळे उत्तर आले की विद्यार्थी स्वतःच्याच समजुतीवर शंका घेतो.

निष्कर्ष

मॅथियास फेलायझेन व सहकाऱ्यांच्या 'हाऊ टू डिझाइन प्रोग्रॅम्स' (२००१) या ग्रंथात आज्ञा लिहिण्यापूर्वी हेतू व उदाहरणे लिहिण्याचा दंडक आहे. त्यासाठी 'सी' सोडण्याची गरज नाही. हेतू मराठीत लिहिता येतो, अपेक्षित उत्तरे वहीत मांडता येतात. परीक्षेतही 'उत्तर काय येईल?' याऐवजी 'या विधानाला अर्थ आहे का, व का?' असे विचारता येईल. पुस्तकाने विद्यार्थ्याला उंबरठ्यापर्यंत आणले. अर्थाची पायरी बांधणे हे अध्यापकाचे दायित्व ठरते.