शाळा कोणाची? अमेरिकेतील सार्वजनिक शिक्षणाचा इतिहास आणि गोंदियाचा संदर्भ

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘तौलनिक शिक्षण’ या विषयांतर्गत अमेरिकेतील सार्वजनिक शिक्षणाचा विकास शिकविला जातो. १६४७ चा मॅसॅच्युसेट्सचा कायदा, १८३७ मध्ये तेथील शिक्षण मंडळाचे सचिव झालेले हॉरेस मान, १८५२ चा सक्तीचा कायदा आणि अखेरीस जॉन ड्यूई असा हा क्रम ठरून गेलेला आहे. भारताच्या प्रकरणात वूडचा खलिता, हंटर आयोग व गोखल्यांचे विधेयक येते आणि महाराष्ट्र म्हणजे बहुधा मुंबई इलाखा असे गृहीत धरले जाते. गोंदियाच्या अध्यापक महाविद्यालयात बसलेल्या विद्यार्थ्याला या दोन्ही प्रकरणांत स्वतःचा प्रदेश सापडत नाही.

वस्तुतः गोंदिया हा १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग होता, आणि हा सर्व प्रदेश १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत प्रथम मध्य प्रांत-वऱ्हाडात व १९५० नंतर मध्य प्रदेशात होता. पाठ्यपुस्तकांतील १९१८ व १९२३ चे मुंबईचे प्राथमिक शिक्षण कायदे येथे लागू नव्हते. येथे १९२० चा मध्य प्रांताचा कायदा होता. सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा त्याने स्थानिक संस्थांना दिली; परंतु त्यासाठी लागणारा पैसा त्यांच्यापाशी क्वचितच होता. १९४८ च्या कायद्याने तहसीलवार जनपद सभा आल्या आणि महाराष्ट्रात १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे गेल्या. प्रत्येक वेळी शाळेचा मालक बदलला. गावाला त्याविषयी विचारले गेल्याचे फारसे दिसत नाही.

अमेरिकेच्या इतिहासाच्या अध्यापनातील मोठी उणीव येथेच लक्षात येते. तो विचारवंतांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. जमीन आणि कर यांचा इतिहास म्हणून सांगितला जात नाही. १७८५ च्या भूमी अध्यादेशानुसार पश्चिमेकडील नव्या प्रदेशाची आखणी करताना प्रत्येक ‘टाउनशिप’चे छत्तीस भाग पाडले गेले आणि त्यांपैकी सोळावा भाग सार्वजनिक शाळांच्या निर्वाहासाठी राखून ठेवला गेला. (ही जमीन मूळ रहिवाशांकडून हिरावलेली होती, ही बाब पाठ्यपुस्तके सहसा वगळतात.) पुढे स्थानिक मालमत्ता कर आणि निवडून आलेले शाळा मंडळ यांच्या आधाराने लहान लहान ‘शाळा-जिल्हे’ उभे राहिले. शाळा सार्वजनिक होती याचा अर्थ लोक तिच्यासाठी कर देत आणि तिचा कारभार पाहणारी माणसे निवडत, असा होता.

या व्यवस्थेचा गौरव करतानाही सावध राहिले पाहिजे. ‘लोक’ या शब्दात कृष्णवर्णीयांचा समावेश नव्हता. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरण्यास १९५४ साल उजाडले. शिवाय स्थानिक करावर चालणारी शाळा श्रीमंत वस्तीत श्रीमंत आणि गरीब वस्तीत गरीबच राहते. ही विषमता राज्यघटनेचा भंग करीत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये दिला. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी मांडलेला प्रश्न मात्र कराचाच होता: शेतकऱ्याच्या श्रमातून जमणारा पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर का खर्च व्हावा? अमेरिकेच्या प्रकरणाला विचारावयाचा प्रश्नही हाच आहे, आणि तो या मातीतला आहे.

शाळेला जमिनीचा आधार देण्याचा एक प्रयत्न मध्य प्रांतातही झाला होता. १९३७ च्या मंत्रिमंडळातील शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांच्या ‘विद्यामंदिर’ योजनेत शाळेला दानातून जमीन मिळावी व तिच्या उत्पन्नावर शिक्षक आणि शाळा यांचा निर्वाह व्हावा, अशी कल्पना होती. सोळाव्या भागाशी तिचे साम्य उघड आहे. फरकही तितकाच मोठा आहे. तेथे जमीन कायद्याने राखलेली होती, येथे ती मालगुजाराच्या औदार्यावर अवलंबून होती. ‘मंदिर’ या नावाला मुस्लिम लीगने तीव्र विरोध केला. १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजना मागे पडली. वर्धा योजनेवर पाने खर्च करणारी पुस्तके तिचा साधा उल्लेखही क्वचित करतात.

हा केवळ पुराणवस्तूंचा विषय नाही. २०१७ च्या अखेरीस राज्य शासनाने दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा बंद करून त्यांचे समायोजन करण्याचे ठरविले; २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळां’चे प्रस्ताव मागविले गेले. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील जंगलालगतच्या टोल्यांना या धोरणाची झळ सर्वाधिक बसू शकते. पावसाळ्यात नाला भरून वाहू लागला की नकाशावरील एक किलोमीटर आणि पायाखालचे एक किलोमीटर यांचा मेळ बसत नाही. अशा वेळी अमेरिकेतील एकशिक्षकी शाळांच्या एकत्रीकरणाचा दाखला देण्याचा मोह होतो. तेथे १९३९-४० मध्ये १ लाख १७ हजारांवर असलेले शाळा-जिल्हे १९७०-७१ पर्यंत सुमारे १८ हजारांवर आले, हे खरे आहे. परंतु त्यामागे पक्के रस्ते व शाळेच्या बसगाड्या होत्या, आणि अनेक राज्यांत एकत्रीकरणापूर्वी स्थानिक मतदारांचा कौल घ्यावा लागे. येथे शिक्षण हक्क कायद्याने स्थापन केलेल्या शाळा व्यवस्थापन समितीला विकास आराखडा करता येतो. कर बसविण्याचा अथवा शाळा बंद करण्यास नकार देण्याचा अधिकार तिला नाही. पटसंख्येचा निकष अमेरिकेकडून घ्यावयाचा आणि गावाचा कौल मात्र तेथेच ठेवावयाचा, ही तुलना अर्धीच राहते.

माध्यमिक व उच्च शिक्षणाची कथा निराळी आहे. मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये स्थापन केलेल्या गोंदिया शिक्षण संस्थेसारख्या खासगी संस्थांनी येथे शासनाची पोकळी भरून काढली. त्याचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा. प्राथमिक शाळेपुरते बोलावयाचे, तर जुन्या शाळांची दाखल-खारीज पुस्तके, जनपद सभांची कागदपत्रे आणि शाळेच्या जागेची महसुली नोंद ही साधने जिल्ह्यातच मिळू शकतील. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकासाठी अमेरिकेच्या प्रकरणाचा सारांश लिहावयास लावण्याऐवजी, आपल्या गावातील शाळेची जागा कोणी, केव्हा आणि कोणाच्या नावे दिली, हे शोधण्यास सांगता येईल.