चर्चा टिकते कशाने? अमळनेरच्या 'अज्ञाना'ची गोष्ट

गर्दी जमली म्हणजे चर्चा रंगली, असं आपण सहज बोलून जातो. आम्हांला ते पटत नाही. आमच्या मते चर्चा टिकायला तीन गोष्टी लागतात: प्रश्न एकच हवा, समोरच्याची हरकत ऐकून घ्यायची तयारी हवी आणि झालेलं बोलणं टिपून ठेवणारा कुणीतरी हवा. हे पारखून बघायला आपला खानदेश पुरेसा आहे.

अमळनेरला १९१६ साली प्रतापशेठजींच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. तिथल्या मंडळींपैकी जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांचं 'अज्ञान' हे इंग्रजी पुस्तक १९३३ साली निघालं. लेखक तीन, पण प्रश्न एकच: अद्वैतात ज्याला अज्ञान म्हणतात, ते नक्की काय? नुसता ज्ञानाचा अभाव म्हणावं, तर दोरीच्या जागी साप दिसतो तो कशामुळे? काहीतरी भावरूप आहे म्हणावं, तर ते ज्ञान होताच नाहीसं कसं होतं? बघा, पेच खरा आहे. मलकानी अद्वैताची बाजू धरतात, दास त्याच बाजूला अडचणीचे प्रश्न विचारतात, मूर्ती आपली वेगळी वाट काढतात. तिघांचं एकमत होत नाही, आणि झाल्याचा देखावाही कुणी करत नाही. आमच्या मते या पुस्तकाचं खरं मोल इथे आहे. आपल्या शास्त्रांत आधी पूर्वपक्ष नीट मांडायचा आणि मगच उत्तर द्यायचं, ही जी शिस्त होती, तीच इथे नव्या रूपात दिसते.

पण उणीवही तिथेच आहे. भांडण इंग्रजीत झालं. अमळनेरच्या बाजारपेठेतल्या माणसाला आपल्या गावात एवढा मोठा वाद चाललाय, हे कळायला वावच नव्हता.

आता शेजारी धुळ्याला या. तिथल्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर मराठीत प्रवचनं दिली. साने गुरुजींनी ती टिपून घेतली, म्हणूनच 'गीता प्रवचने' घरोघर पोचली. भाषा सोपी, टिपणारा तयारीचा. मात्र तिथे हरकत घेणारा कुणी नाही. प्रवचनाचा तो धर्मच नव्हे.

म्हणजे काय झालं? अमळनेरला वाद होता, पण वाचक थोडे. धुळ्याला वाचक अमाप, पण वाद नाही. मराठीत ही दोन्ही एकत्र आणण्याचं काम अजून बाकी आहे, असं आम्हांला वाटतं.

आमच्या व्याख्यानमालाच पाहा ना. प्रश्नोत्तरांची वेळ आली की कुणीतरी उठतो आणि म्हणतो, "प्रश्न नाही, दोन शब्द बोलतो." मग कौतुक होतं, आभार होतात, आणि विषय तिथेच विझतो. कौतुकाला पुढे उत्तर नसतं, हरकतीला असतं.

तेव्हा आता प्रश्न घेऊ. एकच अट: आमचं म्हणणं आधी तुमच्या शब्दांत सांगा, आणि मग ते कुठे चुकतं ते सांगा.