थोमाचे आठ दिवस

दिवाळी अंकात मरणाचा विषय काढल्याबद्दल कुणी मला बोल लावील. परंतु धनत्रयोदशीच्या तिन्हीसांजेला यमाच्या नावाने दिवा लावणारी, आणि भाऊबीजेला त्याच यमाची गोष्ट सांगत बहिणीकडे जेवणारी माणसे आपण. आपल्याला ह्या विषयाचे वावडे असायचे कारण नाही. यंदा मला ओवाळायला थोरली बहीण नाही. आषाढात ती दापोड्याला गेली.

दहाव्याला पाण्याकाठी पिंड मांडला. कावळे समोरच्या गोदामाच्या पत्र्यावर बसलेले; काही केल्या उतरेनात. दीड तास झाला. मग कुणी म्हणाले, "धाकटीचे लग्न राहिले आहे ना, त्याचे बोला." भाच्याने हात जोडून शब्द दिला, आणि कावळा शिवला. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. मीही टाकला. घरी येताना मात्र मनात आले, खरेच तिला कळले, की कावळ्याला भूक लागली? आणि असे मनात आल्याची लगेच लाजही वाटली.

ह्या मनःस्थितीत असताना वसईच्या एका जुन्या स्नेह्याने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' हाती ठेवले. (२०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ते हेच, २०२४ मध्ये ते गेले.) त्या निमित्ताने चारही शुभवर्तमानांतली येशूच्या पुनरुत्थानाची प्रकरणे मी पुन्हा पुन्हा वाचली. श्रद्धाळू म्हणून नव्हे, आणि खोट काढण्यासाठीही नव्हे. कोणताही ग्रंथ वाचावा तशी वाचली.

चमत्काराने मी चकित झालो नाही. आपल्याला त्याचे नवल ते काय? सावित्रीने सत्यवान परत आणला, हनुमंताने द्रोणागिरी आणून लक्ष्मणाला उठवले, तुकोबा सदेह वैकुंठाला गेले. नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. ज्यांनी ही वार्ता जगाला सांगितली त्यांना स्वतःलाच ती आधी पटली नव्हती, आणि हे त्यांच्या ग्रंथांनी झाकून ठेवलेले नाही! मार्काच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर गोष्ट मध्येच तुटल्यासारखी संपते. बायका रिकाम्या कबरेपासून थरथरत पळाल्या आणि भीतीने कुणाशी काही बोलल्या नाहीत, बस्स, एवढेच. लूक सांगतो की त्या बायकांचे बोलणे प्रेषितांना नुसती बडबड वाटली. आणि मत्तय? तो शेवटच्या, डोंगरावरच्या भेटीतसुद्धा काहींना संशय होता असे नोंदवतो, आणि त्या संशयाचे पुढे काय झाले हे न सांगताच पुढे जातो. हा काही घटनेचा पुरावा नव्हे, हे मलाही कळते. चतुर कथाकार असेही करील. पण लेखनाच्या प्रामाणिकपणाची खूण म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

योहानाचे विसावे प्रकरण तर कुणीही वाचावे. मग्दालाची मरिया कबरेपाशी रडते आहे. समोर उभा असलेला तिला बागेचा माळी वाटतो. तो तिला नावाने हाक मारतो तेव्हा कुठे ओळख पटते. ह्याच प्रकरणात थोमा येतो. पहिल्या संध्याकाळी तो नेमका तिथे नव्हता. इतर सांगतात तेव्हा तो म्हणतो की खिळ्यांचे व्रण पाहून त्यांत बोट घातल्यावाचून आपण मानणार नाही. इटालियन चित्रकार काराव्हाज्जिओ याने सतराव्या शतकाच्या आरंभी थोमाचे बोट सरळ जखमेत गेलेले दाखवले. पण मूळ कथेत त्याने बोट घातले असे कुठेच म्हटलेले नाही! घाल म्हणून सांगितल्याबरोबर त्याची मागणी गळून पडते. मला त्याहून मोठी वाटते ती एक साधी गोष्ट. मध्ये आठ दिवस गेले, आणि त्या आठ दिवसांनंतरही थोमा त्यांच्याबरोबर त्याच घरात होता. मानणाऱ्यांनी त्याला बाहेर काढले नाही, आणि तोही उठून गेला नाही.

मराठीत ही कथा फार लवकर आली. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरला, आणि त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले, तुकोबांच्या अभंगांच्याही आधी. ओव्या सुमारे ११,०००. कवीचे नावही त्या संशयी शिष्याचेच, हा योगायोग गमतीचा खरा. परदेशी माणसाने आमच्या पुराणाचा साचा घेतला हे त्याचे मोठेपण. पण माझ्या मते अडचणही तिथेच आहे. पुराणात मेलेला उठला तर श्रोता दचकत नाही. आणि पुराणात शंका विचारली जाते ती उत्तरासाठी. वक्त्याजवळ ते तयार असते. थोमाला आठ दिवस कुणी उत्तर दिले नव्हते. हे आठ दिवस ओवीच्या प्रवाहात मावत नाहीत.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई झाल्या त्या १९०० साली. मधली पाच वर्षे त्यांनी कुणाच्या भिडेने काही मानले नाही. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतले, पण दहा अध्याय होऊन ते राहिले आणि १९१९ मध्ये टिळक गेले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. म्हणजे कबरेपाशी रडणाऱ्या बाईची कथा सांगण्याची पाळी आली ती नवरा गमावलेल्या बाईवर. काव्य म्हणून मी 'ख्रिस्तायन'पेक्षा 'स्मृतिचित्रे' वर ठेवतो. पद्यात लक्ष्मीबाई आदराने हात जोडून उभ्या असतात. गद्यात त्या पदर खोचून बसतात, स्वतःचा हट्ट, भीती, वेडेपणा जसाच्या तसा सांगतात. मार्क आणि योहान यांच्या जातीचे गद्य मराठीत कुठे असेल, तर ते तिथे.

जळालेल्या देहाचे काय, हा प्रश्न आपल्या वाचकाला पडणारच. रोमन कॅथलिक चर्चने दहनावरची बंदी १९६३ साली उठवली. पण त्याच्या कितीतरी आधी पौलाने करिंथकरांना समजावले होते की पेरतो ते दाणे आणि उगवते ते रोप एक दिसत नाही. भाताच्या खाचरांत वाढलेल्या दापोड्याच्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. बहिणीच्या खाचरावर मात्र आता गोदाम उभे आहे.

पुस्तक परत करायला वसईला गेलो तेव्हा कावळ्याची गोष्ट स्नेह्याला सांगितली. तो हसला नाही. "मग, विश्वास बसला का तुझा?" एवढेच त्याने विचारले. मी पुस्तक उघडून मत्तयाच्या शेवटच्या पानावरची, डोंगरावरच्या त्या 'काहीं'ची ओळ त्याला दाखवली. त्याने ती वाचली, पुस्तक मिटले आणि माझ्याकडेच परत दिले.

वर्षभर त्या घरात सण नाही. पण भाऊबीजेला भाचीने जेवायला बोलावले आहे, आणि मी जाणार आहे.