सड्यावरची ‘हरवलेली संस्कृती’

मे महिन्यात मुंबईहून मालगुंडला आलेल्या भाच्याला मी उक्षीचा हत्ती दाखवायला नेले. जांभ्यात कोरलेल्या त्या भल्यामोठ्या आकृतीकडे बराच वेळ पाहून तो म्हणाला, “मामा, हे ड्वेमरांसारखंच आहे. सगळी जमात एकदम नाहीशी झाली असणार.” ड्वेमर ही ‘स्कायरिम’ या २०११ सालच्या संगणकीय खेळातली लुप्त जमात. तिची भुयारी नगरे आणि यंत्रे उरली, माणसे मात्र एका क्षणात गडप झाली. ती कशी गेली यावर खेळणारे अजून वाद घालतात.

पोराला हसावे, तर तेच वाक्य मोठी माणसेही बोलतात. २०१८ साली बीबीसीने कोकणातल्या कातळशिल्पांची बातमी जगभर नेली, तेव्हा तिच्या मथळ्यातच ‘हरवलेली भारतीय संस्कृती’ होती. या शब्दांची तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

खेळातली प्रत्येक पडकी भिंत कोणीतरी मुद्दाम, खेळणाऱ्याने पाहावी म्हणून, उभी केलेली असते. त्यामुळे तिथे दोन खुणा सारख्या दिसल्या की त्यांचे नाते असतेच. सड्यावर असा मांडणारा कोणी नाही. काय उरले आणि काय गेले हे पावसाने, गुरांच्या खुरांनी आणि चिरेखाणींनी ठरवले. तरीही आपण सड्याला खेळाचेच नियम लावतो.

पहिला नियम साम्याचा. बारसूच्या सड्यावर दोन वाघांमध्ये उभा माणूस आहे. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवरही तसाच आहे. झाले, सिंधू संस्कृतीशी नाते जुळले! पण इजिप्तमधल्या गेबेल-एल-अरकच्या सुरीच्या मुठीवरही दोन सिंहांमध्ये माणूस उभा आहे. हिंस्र पशूंना आवरणारा माणूस ही कल्पना एकाच डोक्यातून निघाली असे मानण्याचे कारण नाही.

दुसरा नियम अभावाचा. गेंडा आणि पाणघोडा कोकणात नाहीत, म्हणून हे कलावंत आफ्रिकेतून आले असतील का, असा प्रश्न विचारला गेला. पण ह. धी. सांकळियांनी उत्खनन केलेल्या गुजरातेतल्या लांघणजला मध्याश्मयुगीन थरात गेंड्याचे हाड मिळाले आहे. म्हणजे गेंड्यासाठी समुद्र ओलांडायला नको. पाणघोड्याचे जीवाश्म नर्मदेच्या खोऱ्यात सापडतात. ते फार जुने आहेत, हे मान्य. म्हणूनच ते चित्र पाणघोड्याचेच आहे का, हे आधी ठरवायला हवे.

पुरातत्त्व विभागाचे तेजस गर्गे यांनी मांडलेला तर्क अधिक सावध आहे: चित्रांत प्राणी आहेत, शेती नाही, म्हणून ही शिकारी माणसांची कला असावी. तो मला पटण्याजोगा वाटतो, पण तेवढ्यावर थांबता येत नाही. आमच्या देवघरातल्या एकाही तसबिरीत भातलावणी नाही. म्हणून आम्ही भात खात नाही असे कोणी म्हणणार नाही. निवाडा चित्राजवळ सापडणाऱ्या हत्यारांनी आणि थरांनी व्हायला हवा.

आता ‘हरवलेली’ या शब्दाकडे येऊ. आफ्रिकेतल्या ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी भिंती गोऱ्या वसाहतवाल्यांनी फिनिशियनांच्या आणि शेबाच्या राणीच्या नावावर घातल्या. १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खनन करून त्या आफ्रिकी माणसांच्याच असल्याचे दाखवले. बांधणारे हरवले नव्हते, त्यांना नाकारले गेले होते. आपल्याकडे असा हेतू नाही. परिणाम मात्र त्याच बाजूला झुकतो. सुधीर रिसबूड आणि त्यांचे सहकारी गावोगाव चालत, लोकांना विचारत या चित्रांपर्यंत पोहोचले. काही ठिकाणी गाव या चित्रांना पवित्रही मानत होते. ज्याची वाट गावाला माहीत आहे, ते हरवले कसे?

हा शब्दांचा कीस नव्हे. हरवलेल्या वस्तूला धनी नसतो आणि जबाबदारीही कोणावर येत नाही. २०२२ साली कोकणातल्या कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाला, त्यात उक्षी आहे, बारसू आहे, सुमारे अठरा मीटर लांब हत्तीची कशेळी आहे. पण यादीत नसलेले सडे किती तरी आहेत, आणि घराला चिरा लागतोच. उक्षीत गावानेच पुढाकार घेऊन हत्तीभोवती कठडा बांधला, तो लुप्त जमातीच्या कुतूहलाने नव्हे, आपल्या सड्यावरची वस्तू म्हणून. खाणीला परवानगी देण्याआधी गुराख्यांना सोबत घेऊन सडा एकदा चालून पाहणे, प्रत्येक आकृतीचे माप आणि गावातले नाव लिहून ठेवणे, हे काम कोणत्याही सिद्धान्ताआधीचे आहे.

परतताना चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक आमच्या पुढे होता. भाचा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “मामा, त्यातल्या एखाद्या चिऱ्यावर हत्तीचा पाय असेल तर कळणार कसं?”