सरासरी कर्तन-सामर्थ्याची मर्यादा

कार्बन-तंतूंचा पट्टा पोलादी पत्र्याला एपॉक्सी आसंजकाने चिकटवून सांधा ओढून तोडावयाचा, तुटतेवेळीच्या भाराला चिकटविलेल्या क्षेत्रफळाने भागावयाचे आणि येणाऱ्या आकड्यास आसंजकाचे कर्तन-सामर्थ्य म्हणावयाचे, असा प्रघात आहे. भागाकार सोपा आहे यात शंका नाही. परंतु सांध्यात सर्वत्र प्रतिबल सारखेच असते, हे त्यामागील गृहीतक फोल्करसेन यांच्या १९३८ सालच्या विवेचनापुढे टिकत नाही. जोडलेले पत्रे स्वतः ताणले जात असल्याने कर्तन-प्रतिबल टोकांशी एकवटते. लांब सांध्याचा मधला भाग जवळजवळ निष्क्रिय राहतो.

यातून होणारा घोटाळा केवळ शाब्दिक नाही. १२.७ मिलीमीटर आच्छादनाच्या नमुन्यावरून काढलेल्या आकड्याने पुलाच्या तुळईवरील मीटरभर पट्ट्याचे क्षेत्रफळ गुणले, तर येणारी भारक्षमता कागदावरच राहते. भंगाच्या ऊर्जेवरून हिशेब केल्यास, ताठर पोलादावरील लांब पट्ट्याची दर एकक रुंदीची भारक्षमता ही पट्ट्याचा स्थितिस्थापकतांक, त्याची जाडी व सांध्याची भंग-ऊर्जा यांच्या गुणाकाराच्या दुपटीचे वर्गमूळ होय. तीत लांबी कोठेच येत नाही.

गोलंड व राइसनर यांनी १९४४ मध्ये मांडलेला मुद्दा कार्बनच्या बाबतीत अधिकच गंभीर ठरतो. एकेरी आच्छादनाच्या सांध्यात भाराची रेषा मध्यातून जात नसल्याने पत्रे वाकतात आणि टोकांशी सोलून काढणारे प्रतिबल उत्पन्न होते. पोलाद ते सहज सोसते. कार्बनचा पट्टा तंतूंच्या दिशेने कितीही बळकट असला तरी जाडीच्या दिशेने सारी भिस्त राळेवर. म्हणून पुष्कळदा तडा आसंजक सोडून पट्ट्याच्या पहिल्या थरात शिरतो, आणि सुटलेल्या पोलादावर काळे तंतू चिकटलेले दिसतात. असा आकडा आसंजकाच्या नावे मांडणे म्हणजे चुलत्याचे कर्ज पुतण्याच्या खाती लिहिणे होय.

उष्णतेचा वाटाही या सरासरीत लपतो. पोलादाचा प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे १२ दशलक्षांश, तर तंतूंच्या दिशेने पट्ट्याचा जवळजवळ शून्य. १२० अंशांवर पक्व केलेला सांधा २० अंशांपर्यंत निवताना मीटरभर लांबीत सुमारे १.२ मिलीमीटरचा फरक पडू पाहतो. बाहेरचा भार येण्यापूर्वीच तो ताण टोकांच्या आसंजकावर पडतो. आखूड नमुन्यात तो फारसा जाणवत नाही.

पोलादाचे पृष्ठ नीट घासले गेले की नाही, एक आसंजक दुसऱ्याहून सरस की नाही, एवढ्या तुलनेपुरती ही चाचणी उपयोगी आहे. मात्र भंग पोलादाच्या पृष्ठाशी झाला, आसंजकात की पट्ट्याच्या थरांत, याची नोंद भाराच्या आकड्याशेजारी हवी.