शंटने चाल सुधारते, पण कोणाची?

नॉर्मल प्रेशर हायड्रोसिफॅलस, म्हणजे एनपीएच. मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठून त्या फुगतात, दाब मात्र नेहमीइतकाच भरतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा न राहणं आणि विसराळूपणा ही लक्षणं हकीम आणि अ‍ॅडम्स यांनी 1965 साली मांडली. घरात याला 'वय झालं' म्हणतात आणि निदान राहून जातं. उपाय शंटचा: जादा पाणी नळीने पोटात सोडायचं.

2025 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेली पेन्स ट्रायल जरूर वाचा. शंट सगळ्या 99 जणांना बसवला, पण जवळपास निम्म्यांचा व्हॉल्व्ह पाणी वाहणारच नाही असा लावून ठेवला. कोणाचा चालू, कोणाचा बंद, हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं. तीन महिन्यांनी चालू शंटवाल्यांचा चालण्याचा वेग सेकंदाला सरासरी 0.23 मीटरने वाढला, बाकीच्यांचा 0.03. शस्त्रक्रियेत प्लासिबो वापरणं सोपं नाही, त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

आता आक्षेप. पहिला: कमरेतून पाणी काढून पाहिल्यावर ज्यांची चाल सुधारली, त्यांनाच अभ्यासात घेतलं. मग 'टॅप टेस्ट निगेटिव्ह, म्हणजे शंट नको' हे यातून सिद्ध कसं होणार? तसे रुग्ण आत आलेच नव्हते.

दुसरा आक्षेप मोजमापाचा. लघवीच्या प्रश्नावलीत ठळक फरक दिसला नाही. पण चिंचपोकळीच्या जुन्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला असतो. समजा अंतर 20 मीटर. सेकंदाला 0.5 मीटर चालणाऱ्याला 40 सेकंद लागतात, वेगात 0.23 ची भर पडली तर 27च. घाई तेवढीच राहील, पण माणूस वेळेत पोचेल. प्रश्नावलीने नेमकं काय मोजलं, हे म्हणून तपासायचं.

तिसरा: पडण्याचं प्रमाण 46 टक्क्यांऐवजी 24 टक्के दिसलं, पण मेंदूच्या आवरणाखालचा रक्तस्राव 2 टक्क्यांऐवजी 12 टक्के. म्हणजे ऑपरेशननंतर लक्ष ठेवणं आलं. परळच्या केईएमला चिंचपोकळीहून पुन्हा जाता येतं. ऑपरेशन करून कोकणात गावी परतलेल्या म्हाताऱ्याचं काय? शिवाय तीन महिन्यांनंतर दुसऱ्या गटाचाही शंट उघडला, म्हणजे पुढची तुलना संपलीच.

ट्रायल चांगलीच आहे. तिचं उत्तर मात्र तिने विचारलेल्या प्रश्नापुरतंच. म्हणून पेपर हातात आला की निकालाआधी एक तक्ता वाचा: आत कोणाला घेतलं, दाराशी कोणाला थांबवलं.